थुंकी मिळाली नाही

डंडीत, टे नदीच्या वरच्या अंगाला,
उणे ऐंशी अंशांच्या एका कपाटात
एका बाईची सतरा वर्षं रचून ठेवली आहेत,
बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांत.
नाव आम्हाला सांगत नाहीत. एकोणचाळीस म्हणतात.

रविवारी पहाटे कपाटाचा भोंगा वाजला.
ड्यूटी माझी. युअन मासे पकडायला गेलेला.
हातमोज्यांवर हातमोजे चढवून
मी खोके हलवत राहिले या कपाटातून त्या कपाटात,
आणि तिची पहिली नळी हातात आली.
मार्च दोन हजार चार. वय एकोणीस.
लेबलवर नर्सच्या तिरप्या अक्षरात
कुणी न मागितलेला एक शब्द : हसताना.

म्हणजे हसताना खोकला आला, आणि खोकल्यातून हा.

हा तेव्हा फुप्फुसात नवा होता.
शेपटी होती, पोहायचा. विष होतं, वापरायचा.
थाळीवर वाढवला की हिरवा पसरायचा
आणि झाकण किलकिलं केलं की द्राक्षांचा वास.
पिंपळगावला आमच्या शेडमध्ये
क्रेट उतरवताना यायचा, अगदी तो.
पहिल्यांदा आला तेव्हा लाज वाटली,
कुणाच्या तरी श्वासाच्या आड बसलेल्यानं
मला घरची आठवण द्यावी.

पुढच्या नळ्यांत तो बदलत जातो.
दोन हजार नऊ : शेपटी गेली. जायचंय कुठे?
अकरा : विषाचं जनुक मोडलेलं.
आरडाओरडा केला की घर जागं होतं,
पांढऱ्या पेशी काठ्या घेऊन येतात,
हे त्याला कुणी शिकवलं नाही.
ओरडणारे मेले, गप्प बसणारे उरले, एवढंच.
चौदा : स्वतःपुरतं रांधणंही सोडलं.
ताटात वाढून मिळतंय म्हटल्यावर
चूल कोण पेटवतो?
अंगावर मात्र बुळबुळीत जाड दुलई,
औषधं यायची, कडी वाजवायची, परत जायची.

मराठी पुस्तकात अशा बाईला यजमान म्हणतात.
यजमान, म्हणजे पूजेला बसतो तो,
पाहुण्याला पाट मांडतो तो,
आणि आई वडिलांचं नाव न घेता म्हणायची, तो.
इशबेलला हे सांगितलं.
ती म्हणाली, तीन अर्थ,
आणि एकातही 'नको' म्हणायची सोय नाही.

मग दोन हजार वीसचा हिवाळा. नवी गोळी आली.
त्याला बोटही न लावणारी,
तिच्याच पेशींच्या दारातलं मीठपाणी
वाहतं करणारी.
पुढच्या खोक्यात एकच नळी. रिकामी.
तेच तिरपं अक्षर, आता जरा थरथरतं :
थुंकी मिळाली नाही. खूप प्रयत्न केला. दोघी हसलो.

तक्त्यात तिथे मी रेघ मारली होती.
सतरा वर्षांच्या आलेखाला पडलेलं भोक.
युअन म्हणाला, विदा वाया गेला.
मी काही बोलले नाही.

पण गेल्या वर्षी तिच्या घशामागून
कापसाची काडी फिरवून आणली.
जनुकं वाचली. तोच.
तीच मोडतोड, तीच दुलई,
मूठभरही नाही, चिमूटभर.
गेलेला नाही.

काल त्याला थाळीवर सगळं वाढलं होतं.
सकाळी एक ठिपका, तोही फिकट.
नियमात बसत नाही तरी झाकण उचललं.
द्राक्षं नाहीत. कसलाच वास नाही.
तिच्याशिवाय त्याला इथे करमत नसावं,
असं मनात आलं, आणि मी थाळी घाईनं बंद केली.

खोके लागले. भोंगा गप्प झाला.
खिडकीखाली कुणी बाई कुत्र्यामागे
टेकडीचा चढ धावत चढत होती.
एकोणचाळीस नसेलच.
तरी ती वर पोचेपर्यंत मी थांबले,
खोकला येतो का ऐकत,
जाड दुहेरी काचेच्या आतून.